कॅमेरा बंद, आवाज म्यूट आणि मुलगा गप्प

अगं, पत्र वाचलं. मुलगा ११ वर्षांचा, वर्षभर सगळी शाळा ऑनलाइन, क्लासला कॅमेरा बंद करून बसतो, टेस्टला मार्क छान पडतात पण तू समोर बसवून विचारलंस की गप्प, आणि हल्ली मित्रांचे फोनही उचलत नाही. आता स्क्रीन टाइम कमी करू की कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करू, असं विचारलंयस.

मला विचारशील तर आत्ता दोन्ही नको. तास मोजता येतात म्हणून आपण तेच मोजत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त १ तास असं सांगितलं ते २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी, पण फॉरवर्ड होत होत ते तुझ्या पोरापर्यंत येऊन पोचलं.

खरी गोची वेगळीच आहे, त्याच्याकडे दिवसभर कुणाचं लक्षच जात नाहीये. वर्गात मूल गोंधळलं की बाईंना चेहऱ्यावरून कळतं, त्या थांबतात, परत सांगतात. शेजारच्याला कोपर मारून 'काय म्हणाल्या रे?' विचारता येतं, आणि खरं सांगू, निम्मं शिक्षण तिथेच होतं. ऑनलाइनला कोपर मारायला कुणी नाही, आवाज उशिरा पोचतो, आणि चुकीचं बोललं तर सगळ्यांच्या कानात एकट्याचाच आवाज, मग म्यूट बरं वाटणारच ना.

पॅट्रिशिया कूल या संशोधिकेने २००३ मध्ये ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर प्रयोग केला होता. समोर बसून खेळवत चिनी बोलणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली, तेच टीव्हीवर दाखवलं तर काहीच फरक पडला नाही. तुझा मुलगा बाळ नाही, त्याला व्हिडिओतूनही बरंच कळतं, पण समोरून प्रतिसाद लागतो तो लागतोच.

मार्कांचं म्हणशील तर चार पर्यायांतून उत्तर ओळखणं वेगळं आणि समोर काहीच नसताना आठवून सांगणं वेगळं. (शेजारच्या टॅबमध्ये काय उघडं असतं ते मी विचारत नाही.) म्हणून क्लासनंतर लगेच त्याला धरू नकोस, आधी थोडं हिंडू दे, खाऊ दे. मग दहा मिनिटं टॅब बंद, कागद पेन्सिल, आणि तो शिक्षक, तू विद्यार्थी. अपूर्णांक चालू असतील तर बिनधास्त म्हण, 'चार मोठा ना, मग १/४ हे १/३ पेक्षा मोठं.' तो वैतागेल, चित्र काढेल, अडकेल, अडकू दे, तू पटकन उत्तर देऊ नकोस. गप्प राहिला तरी जरा थांब, आपण आया तिथेच घाई करतो.

कॅमेऱ्याचं असं की सतत स्वतःचाच चेहरा समोर दिसणं मोठ्यांनाही थकवतं, स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेनसन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली त्यात हे आहेच. सेटिंगमध्ये स्वतःचा चौकोन लपवता येतो, ते करून दे. आणि त्याच्या टीचरशी बोलून बघ, आदल्या दिवशी एक प्रश्न त्याला सांगून ठेवायचा आणि क्लासमध्ये नाव घेऊन तोच विचारायचा. एवढं बहुतेक टीचर करतात, आपणच सांगत नाही.

'मित्राशी बोल' म्हणून कुठलंच मूल बोलत नाही गं, दोघांना मिळून काहीतरी काम दे, प्रोजेक्ट, गेम, काहीही, आणि जमेल तेव्हा प्रत्यक्ष भेटू दे.

मात्र झोप आणि भूक बिघडली, आवडते खेळही नको झाले आणि हे दोनेक आठवडे असंच राहिलं तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नकोस, मुलांच्या समुपदेशकाची वेळ घे. आणि जगायचंच नाही असं काही बोलला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा, एकटं सोडू नकोस.

तुझी ताई