पुण्याजवळच्या डोंगरांत प्राचीन सागरी सरीसृपांचे जीवाश्म मिळतील का, आणि अशा हाडांवरून त्यांच्या जगण्याविषयी काय कळते?

मी पुण्यात भूशास्त्र शिकवतो आणि आपल्या प्रश्नाचा पहिला भाग विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. सिंहगड चढताना दिसणारे कातळाचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे आहेत आणि तापलेल्या लाव्हारसात हाडे टिकत नाहीत. दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात साचलेल्या गाळात क्वचित जीवाश्म सापडतात. मुंबईत वरळीला असे बेडूक मिळाले, पण ते गोड्या पाण्यातले.

सागरी सरीसृपांसाठी कच्छकडे वळावे लागते. तेथे लोडाई गावाजवळ दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांना इक्थिओसॉरचा, म्हणजे माशासारख्या आकाराच्या प्राचीन सागरी सरीसृपाचा, जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला आणि २०१७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. हा प्राणी सुमारे साडेपाच मीटर लांबीचा, जुरासिक काळातला, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या कातळाहून दुपटीपेक्षा अधिक जुना आहे.

मला त्याचे दात सर्वांत बोलके वाटतात. ते ज्या रीतीने झिजले आहेत, त्यावरून तो कठीण कवचाचे किंवा जाड खवल्यांचे भक्ष्य फोडून खात असावा असा निष्कर्ष संशोधकांनी काढला, आणि त्याच खडकात अमोनाइट व बेलेम्नाइट या माखलीच्या कुळातल्या, कठीण कवच असलेल्या नामशेष प्राण्यांचे अवशेषही मिळाल्यामुळे त्या निष्कर्षाला बळ आले. त्याचे नातलग युरोप, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेतही सापडतात, त्यावरून त्या काळी हे समुद्र एकमेकांशी जोडलेले होते असे मानता येते.

हाडांपलीकडचेही कधी कधी टिकते. जर्मनीत होल्त्समाडेन येथील काळ्या शेलमध्ये, म्हणजे चिखलापासून बनलेल्या पातळ थरांच्या खडकात, इक्थिओसॉरच्या शरीराची बाह्यरेषा उमटलेली आहे, म्हणूनच त्याच्या पाठीवर माशासारखा, पण हाडे नसलेला पर होता हे कळले. तेथील काही माद्यांच्या पोटात पिल्लांचे सांगाडे आहेत. अर्थात कासवासारखे अंडी घालायला किनाऱ्यावर न येता हे प्राणी पाण्यातच पिल्लांना जन्म देत.

कच्छला गेलात आणि खडकात हाडासारखे काही दिसले, तर कृपया ते उपसू नका. हाड कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडले आहे, ही माहिती उपसताक्षणी नष्ट होते. जागेची नोंद करा, मापासाठी एखादे नाणे शेजारी ठेवून छायाचित्र काढा आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा.