क्योटोचा ‘शिष्टाचार’ नव्हे, पुरवणी!

प्रश्न असा आहे: हवामान बदल रोखण्यासाठी देशांनी केलेल्या क्योटो प्रोटोकॉल या तहाला मराठीत ‘क्योटो शिष्टाचार’ म्हणावं की ‘क्योटो मसुदा’? आणि त्याच विषयावरचा पॅरिसचा तेवढा ‘करार’ कसा?

दोन्ही नकोत. शिष्टाचार म्हणजे पाहुणे आले की कोणी कुठे बसायचं, हार कोणी घालायचा. श्रीमंत देशांनी हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन १९९० च्या पातळीपेक्षा सरासरी ५ टक्क्यांनी खाली आणायचं, या कायदेशीर बंधनाचा हारतुऱ्यांशी काय संबंध? हे छापलेलं दिसलं की माझं डोकंच फिरतं.

मसुदा त्याहून वाईट. मूळ अरबी धातू ‘काळा’ या अर्थाचा. शाईने काळा केलेला कच्चा कागद तो मसुदा. पक्क्या प्रतीचं अरबी नाव ‘पांढरा’वरून आलंय! १९९७ साली मंजूर आणि २००५ साली लागू झालेल्या तहाला आपण अजून कच्चा खर्डा म्हणायचं?

आता खरी गंमत. ग्रीक ‘प्रोटोस’ म्हणजे पहिला आणि ‘कोल्ला’ म्हणजे खळ, डिंक. पपायरसच्या गुंडाळीला आरंभी चिकटवलेलं पान म्हणजे प्रोटोकॉल. चिकटवलेलं! क्योटोही तसाच १९९२ च्या हवामान बदलाच्या आराखडा कराराला चिकटलेला आहे. त्या कराराचं १७ वं कलम सांगतं की मूळ करारात नसलेल्या देशाला त्याच्या प्रोटोकॉलमध्ये शिरता येत नाही. ओझोनचा थर वाचवण्याच्या तहांचंही तेच: १९८५ चा व्हिएन्ना करार, त्याला जोडलेला १९८७ चा मॉन्ट्रियल प्रोटोकॉल.

यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: पुरवणी. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेला भोक पाडून दोऱ्याने बांधायचो ती. सुटी पुरवणी कोण तपासणार? एका जाणत्या भाषांतरकारांनी मला ऐकवलं, ‘पुरवणी म्हणजे रविवारचा पेपर, तहाला हलका शब्द.’ साफ चूक. विधानसभेत कोट्यवधींच्या ‘पुरवणी मागण्या’ मंजूर होतात, तेव्हा हा शब्द कुणाला हलका वाटत नाही. म्हणा ‘क्योटो पुरवणी करार’.

राहिलं पॅरिस. २०१५ चा तो दस्तऐवजही १९९२ च्या करारालाच बांधलेला आहे, पण त्याच्या नावात प्रोटोकॉल नाही, म्हणून नुसता ‘करार’ बरोबर. करार आणि मुक्रर एकाच अरबी धातूचे. ठरलेलं, जागेवरून न हलणारं.