वगनाट्याच्या वह्यांचं एक्सएमएल सुधारायला सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा: लातूर-नांदेडकडच्या वगनाट्यांच्या हस्तलिखित वह्या टाइप करून टीईआय एक्सएमएलमध्ये (मजकुराच्या प्रत्येक भागाला टॅग, म्हणजे लेबल, लावायची प्रमाण पद्धत) आणल्यात, पण कोणत्या पात्राला किती संवाद हे मोजायला गेलं की आकडे जुळत नाहीत. नवीन टॅग वाढवायचे का?

नका वाढवू. बहुतेक वेळा घोटाळा एकाच जागी असतो: पात्र वेगळं आणि वहीत लिहिलेलं त्याचं नाव वेगळं, हे फायलीत वेगळं ठेवलेलं नसतं. एकाच वहीत 'सोंगाड्या', 'सोंगा.', 'सों.' असं तीन तऱ्हेनं येतं. 'स्पीकर' टॅगमध्ये ते जसंच्या तसं राहू द्या. बोलणारा कोण, हे 'एसपी' (एका पात्राचं एक बोलणं) टॅगच्या 'हू' (who) ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे टॅगला जोडलेल्या माहितीत, लिहा: हू="#सोंगाड्या". ही आयडी (पात्राची ओळखखूण) फायलीच्या सुरुवातीच्या हेडरमधल्या पात्रांच्या यादीत एकदाच द्यायची. आयडी देवनागरीत चालते. मात्र ती अंकाने सुरू होत नाही आणि मध्ये मोकळी जागा चालत नाही. 'हू' लिहिताना पुढचं # विसरलं तर दुवा लागत नाही, आणि ही चूक फार होते.

गवळणीत पेंद्या आणि वगात हवालदार एकाच माणसानं केला असेल, तरी आयडी दोन. मोजायची ती पात्रं, नट नव्हे. झीलकऱ्यांसाठी 'पर्सनग्रुप' (personGrp, म्हणजे गटाचा टॅग) वापरा. राजा आणि प्रधान एकदम बोलत असतील तर 'हू'मध्ये दोन्ही आयडी, मध्ये एक मोकळी जागा.

काम सुरू करण्याआधी बेसएक्स या एक्सएमएल डेटाबेसमध्ये सगळ्या फायली चढवून 'स्पीकर'मधल्या वेगवेगळ्या नावांची यादी काढा, प्रत्येकापुढे संख्या. बेसएक्स फुकट आहे. या यादीत 'राजा:' आणि 'राजाः' अशा दोन नोंदी दिसतील. डोळ्यांना सारख्याच, पण पहिल्यात अपूर्णविराम आहे आणि दुसऱ्यात विसर्ग! मराठी कीबोर्डवर ही गल्लत हमखास होते. 'शेतकऱ्याची बायको' हीसुद्धा दोनदा येईल, कारण 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो: एकदा नुक्त्याच्या 'ऱ'नं, एकदा साध्या 'र'ला हलंत आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) जोडून. युनिकोडचं एनएफसी रूप (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या करणारं) करून घ्याच, पण त्यानं ही दोन रूपं एक होत नाहीत. ती वेगळी शोधून बदलावी लागतात.

कंसातला मजकूर एका फटक्यात 'स्टेज' (रंगसूचनेचा टॅग) करू नका. '(डफ उचलत)' ही रंगसूचना खरी, पण 'तुझा बाप (देव त्याला सुखी ठेवो) कुठंय?' इथला कंस संवादाचाच भाग आहे. एकेक पाहूनच ठरवायचं. 'एसपी'च्या आत मजकूर उघडा चालत नाही. गद्य 'पी'मध्ये, पद्याची ओळ 'एल'मध्ये, कडवं 'एलजी'मध्ये. सवाल-जवाबात एक ओळ दोघांत तुटली तर 'एल'ला 'पार्ट' द्या, पहिल्या तुकड्याला 'आय', शेवटच्याला 'एफ'. वहीत नुसतं '॥धृ॥' असेल तर ध्रुपद पुन्हा टाइप करू नका. खूण तशीच ठेवून मूळ ध्रुपदाच्या आयडीशी जोडा, नाहीतर शब्दसंख्या फुगते.

बोलीला हात लावणं मला अजिबात मान्य नाही. 'काय करायलास' हे 'काय करतोस' केलं, तर मराठवाड्याचं मराठवाडेपणच फायलीतून गेलं. शोधासाठी प्रमाण रूप हवंच असेल तर 'चॉइस'मध्ये 'ओरिज' (वहीतलं मूळ) आणि 'रेग' (प्रमाण रूप) दोन्ही ठेवा. दख्खनी संवादाला भाषा सांगणाऱ्या 'एक्सएमएल:लँग'मध्ये डीसीसी हा कोड द्या. एखाददुसराच शब्द असेल तर तो 'फॉरेन'मध्ये.

शेवटी स्कीमाट्रॉनमध्ये (एक्सएमएल तपासायचे नियम लिहायची भाषा) एकच नियम लिहा: प्रत्येक 'एसपी'ला 'हू' हवं आणि त्यातली प्रत्येक आयडी यादीत सापडली पाहिजे. मग एकाच वहीची तीच पाच पानं दोघा जणांकडून वेगवेगळी टॅग करून घ्या आणि शेजारी ठेवून पाहा. जिथं दोघांचं जुळत नाही तिथं नियम मोघम आहे. तो लिहून पक्का करा आणि मगच पुढच्या वह्या वाटा.