ज्येष्ठांची कामं घेताय? आधी हे बघा
आधी आजोबांशी एकट्यानं बोला. मुलगा त्यांना घेऊन येतो, फी तोच देतो, म्हणून पक्षकार तो ठरत नाही. नवे वकील इथंच चुकतात.

मग सातबारा. आपल्याकडं बीड-लातूरला बहुतेक भांडण जमिनीचंच. बक्षीसपत्र करायचंच असेल, तर ‘आईवडिलांना सांभाळावं’ ही अट त्यात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ तिच्यावरच उभं आहे. अट मोडली तर दस्त रद्द करून मागता येतो. माझं मत विचाराल तर मृत्युपत्रच बरं, हयातीत जमीन त्यांच्याच नावावर राहते.

या कायद्याखालचा पोटगीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं जातो. अपिलाचं नंतर शिकाल. आजींना कमी ऐकू येत असेल तर दस्त मोठ्यानं, सावकाश वाचून दाखवा, मगच अंगठा घ्या.