"मॅडम, मी कॅनव्हास रोज खरवडते"

समुपदेशक म्हणून कला महाविद्यालयातल्या मुलांकडून एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की ते निम्म्यावर आलं की पुढचं मला कळतं. 'ऑइल मला जमतच नाही.' पेन्सिल जमते, जलरंग जमतात, आणि तैलरंगाची पहिली मोठी असाइनमेंट आली की हातपाय गळतात. सबमिशन जवळ येतं, कॅनव्हास होता तिथेच असतो आणि विचार थेट कोर्स सोडण्यापर्यंत जातो. घरचे म्हणतात आळस. पण ही मुलं बहुधा वर्गात सगळ्यात जास्त वेळ इझलसमोर उभी असतात.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं उदाहरण देते. ओळख पटेल असे तपशील बदललेत, पाच भेटी इथे आटोपत्या घेतल्यात. असाइनमेंट स्थिरचित्राची होती: तांब्याचं भांडं, पांढरं कापड, दोन फळं, मागे निळसर राखाडी पडदा. कॅनव्हास १८ बाय २४ इंच, मुदत चार आठवडे.

"रंग मळतो. सगळं राखाडी होतं. रात्री खरवडते, सकाळी पुन्हा सुरू करते."

"रोज?"

"जवळजवळ रोज. बाकीच्यांचं दोन दिवसांत उभं राहतं. मला कलरसेन्सच नाहीये."

'तुझ्यात आहे गं' असं मी म्हटलं नाही. धीराचे शब्द अशा मुलांना खोटेच वाटतात. मनात काय चाललंय यापेक्षा हातून काय घडतंय तिथून सुरुवात करावी, या मताची मी आहे. म्हणून एवढंच सांगितलं, पुढच्या वेळी चित्र घेऊन ये.

तिने आणलं. पुढून पाहिलं तर सगळीकडे सारखाच मळकेपणा. मी कॅनव्हास उलटा केला. मागचं कापड कोरं होतं, फक्त एका जागी तळहाताएवढा पिवळट तेलाचा डाग.

"हे काय गं?"

"तिथला जेसो गेलाय बहुतेक. खरवडून खरवडून." जेसो म्हणजे तेल कापडात मुरू नये म्हणून रंगाआधी लावायचं अस्तर.

"पुढून तिथे काय येतं?"

तिने कॅनव्हास खिडकीसमोर धरला. "भांड्याचा काठ."

"फळं किती वेळा खरवडलीस?"

"एकदाच."

"कापड?"

"दोनदा." मग ती बराच वेळ काही बोलली नाही. "म्हणजे मी फक्त काठावर अडतेय?"

या प्रश्नासाठी मी दोन भेटी थांबले होते, हे कबूल करते. 'मला कलरसेन्स नाही' हे वाक्य आयुष्याएवढं मोठं. त्यावर कुणी काही करू शकत नाही. डाग तळहाताएवढा होता, आणि त्यावर नक्की करता येतं. उत्तर मी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि रात्री पुन्हा चाकू उचलला असता.

पुढचं तिनेच उलगडलं. काठाचा लंबगोल चुकला होता, त्याची दोन्ही टोकं अणकुचीदार झाली होती. ती रेखाटनातली चूक रंगाने सावरू पाहत होती. तांबूस रंग अजून ओला, त्यावर पडद्याचा निळसर राखाडी ओढून काठ आत घ्यायचा, मग पुन्हा तांबूस. तांबूस-केशरी आणि निळा हे परस्परविरोधी रंग; ओल्यात चार वेळा एकमेकांवर फिरले की राखाडीच उरतो. म्हणजे रंग मळत होता तो रेषेमुळे.

काठाची परीक्षा सोपी आहे. लंबगोल ट्रेसिंग पेपरवर उतरवायचा, आधी लांब अक्षावर आणि मग आखूड अक्षावर घडी घालायची. दोन्ही वेळा निम्मे भाग जुळले पाहिजेत, टोकं गोलसर हवीत. भांडं डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर बुडाचा लंबगोल काठापेक्षा जास्त फुगीर असतो. मुलं बूड सरळ रेषेत कापतात आणि भांडं हवेत तरंगतं.

"त्या जागी पुन्हा जेसो लावू?" तिने विचारलं. नाही. तेल मुरलेल्या जागेवर अ‍ॅक्रिलिक जेसो धरत नाही, आज ना उद्या सुटतो. नवा कॅनव्हास, जेसोचे दोन-तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर हलका पॉलिश पेपर.

खरवडण्याला मी बंदी घातली नाही, कारण खरवडणं हे तंत्रच आहे. दिवसाअखेरी जाड थर काढून उरलेल्या पुसट रंगावर दुसऱ्या दिवशी काम करणारे चित्रकार आहेत. मात्र पुढे जाण्यासाठी खरवडणं वेगळं आणि चित्र नजरेआड करण्यासाठी खरवडणं वेगळं. ठरलं ते असं: रात्री चाकू नाही. सकाळी, दिवसाच्या उजेडात, तळहाताएवढीच जागा, आणि काय चुकलं ते आधी लिहून. 'घाण झालंय' चालणार नाही. 'भांड्याच्या डाव्या कडेची सावली कापडाच्या सावलीपेक्षा उजळ आहे' हे चालेल.

रात्रीचा निकाल बहुतेक वेळा चुकतोच. पिवळ्या दिव्याखाली निळे रंग मेल्यासारखे दिसतात. शिवाय तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला दिवस लागतात. वाळताना गडद जागांतलं तेल कधीकधी खालच्या थरात शोषलं जातं आणि त्या निस्तेज, फिकट दिसतात. रंग खराब झाला असं वाटतं. वाळलेल्या जागेवर तेलाचा अगदी पुसट हात फिरवून कापडाने टिपून घेतला की खरा गडदपणा परत दिसतो. सोळाव्या शतकातला इटालियन चित्रकार टिशियन चित्रं महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून ठेवायचा आणि मग शत्रूकडे पाहावं तशी तपासायचा, अशी त्याच्या हाताखाली काम केलेल्या पाल्माची आठवण नोंदलेली आहे. चार आठवड्यांत महिने कुठून आणणार? तीन दिवस मिळतात.

तेवढ्यावरच तिचं वेळापत्रक बसवलं. आधी पाच-पाच मिनिटांची तीन छोटी रेखाटनं, प्रत्येकात फक्त तीन टोन: गडद, मधला, उजळ. मग रेखाटन आणि बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगात पातळ अंडरपेंटिंग, म्हणजे खालचा एकरंगी थर, फक्त टर्पेंटाइनने पातळ करून, तेल नाही. अंबर लवकर वाळतो, एक-दोन दिवसांत हात लावता येतो. आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग इथे नको, तो फार सावकाश वाळतो आणि वरचा थर तडकू शकतो. नंतर मोठ्या फ्लॅट ब्रशने गडदाकडून उजळाकडे मोठे आकार, दीड तास, गजर लावून. पुढे तीन दिवस भिंतीकडे तोंड. नंतरच्या थरांत तेल थोडं थोडं वाढवत न्यायचं, उलट कधीच नाही. रंग पॅलेटवर नाइफने मिसळायचा, गडदाचा आणि उजळाचा ब्रश वेगळा ठेवायचा.

एक गोष्ट जवळजवळ सुटली होती. रात्री डोकं जड होतं, मळमळतं, हे ती निराशेच्या खात्यात टाकत होती. खोली बंद, टर्पेंटाइनचं भांडं रात्रभर उघडं! खिडकी उघडी ठेवून आणि भांड्याला झाकण लावून चार दिवसांत डोकं हलकं झालं. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात पडलेली असायची, ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायला सांगितली. मनाचा प्रत्येक जडपणा मनातूनच येतो असं धरून चालू नये, आम्ही समुपदेशकांनी तर नाहीच.

चित्र मुदतीत गेलं. वर्गातलं सर्वोत्तम नव्हतं. कापडाच्या घड्यांत पांढरा जास्त पडून ते खडूसारखं दिसत होतं. काठ मात्र नीट बसला होता.

सध्या व्यक्तिचित्राची असाइनमेंट चालू आहे. परवा येऊन म्हणाली, "डोळ्याखालचा भाग तीनदा खरवडला."

"कधी?"

"सकाळी," ती म्हणाली, आणि लिहिलेला कागद पुढे केला.