विंटर ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशाचा झेंडा कोण धरणार हे कोण ठरवतं? भारताचा तं कित्येकदा एकच खेळाडू असतो, मग?

पहिल्या भागाचं उत्तर छोटं आहे भाऊ, ज्या त्या देशाची ऑलिंपिक समिती ठरवते, आपल्याकडं म्हणजे भारतीय ऑलिंपिक संघटना, आयओए. काही देशांत पदाधिकारी सरळ नाव देऊन मोकळे होतात, काही ठिकाणी खेळाडू आपसात मतदान करतात आणि मग रुसवेफुगवे पण होतात. 2018 ला प्योंगचांगच्या वेळी अमेरिकेचं मतदान 4-4 वर अडलं, शेवटी नाणं उडवलं, ल्यूज हा बर्फावरच्या स्लेजचा खेळ खेळणारी एरिन हॅमलिन जिंकली आणि स्पीड स्केटिंगचा शानी डेव्हिस, ज्याच्याकडं ऑलिंपिकचे दोन गोल्ड होते, तो असा भडकला की ट्विटरवर जाहीर नाराजी काढली. एवढ्या मोठ्या टीमचा हा ताप.

आपल्याकडं निवड करायला असतंच कोण! 1998 च्या नागानोला भारताकडून एकच जण गेला होता, शिव केशवन, वय 16, मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा. म्हणजे संचलनात झेंडा धरणारा तोच, टीम तीच आणि नंतर स्पर्धेत उतरणाराही तोच. खेळ ल्यूजचा, म्हणजे छोट्या स्लेजवर पाठीवर झोपायचं, पाय पुढं, आणि बर्फाच्या वळणावळणाच्या ट्रॅकवरून ताशी शंभराच्या वर स्पीडनं खाली यायचं. भारतात असा ट्रॅकच नव्हता, म्हणून हा गडी स्लेजला चाकं लावून पहाडातल्या डांबरी रस्त्यावर प्रॅक्टिस करायचा, ट्रक-गाड्यांच्या मधून, त्याचा व्हिडिओ आहे, बघाच. इथं आपण घाटात दुसऱ्याच्या गाडीत बसलो तरी वरची दांडी सोडत नाही. 2002 लाही तो एकटाच होता. 2006 ला तूरिनमध्ये जरा माणसं वाढली तं झेंडा नेहा अहुजाकडं होता, ती स्कीइंगची. बाकी बहुतेक वेळा शिवच, 2018 पर्यंत सहा ऑलिंपिक खेळला.

पण त्या सहापैकी एकदा झेंडाच नव्हता, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे. डिसेंबर 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं आयओएला सस्पेंड केलं, कारण निवडणुकीतली सरकारी ढवळाढवळ आणि आरोप असलेली माणसं पदावर निवडून आणणं. दिल्लीत सगळे निवांत, तारखावर तारखा. 7 फेब्रुवारी 2014 ला सोचीचं उद्घाटन झालं तेव्हा शिव केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल हे तिघं तिरंग्याशिवाय चालले, वर पाच कड्यांचा पांढरा झेंडा, देशाच्या नावाच्या जागी 'स्वतंत्र सहभागी'. 9 तारखेला दिल्लीत नवीन निवडणूक झाली, 11 तारखेला बंदी उठली. म्हणजे चार दिवसांचा खेळ होता बाप्पा! खेळ चालू असताना एखाद्या देशाचं सस्पेन्शन उठण्याची ती पहिलीच वेळ. नंतर खेळाडूंच्या गावात तिरंगा चढवला, हिमांशू आणि नदीम भारताच्या नावानं उतरले, पण शिवची स्पर्धा तोवर आटोपली होती.

मला हे जास्त लागतं त्याचं कारण म्हणजे मी नागपूरचा. 1923 मध्ये इथं झेंडा सत्याग्रह झाला, सिव्हिल लाइन्सकडं झेंडा घेऊन जायला इंग्रजांची बंदी होती, म्हणून लोक मुद्दाम झेंडा घेऊन तिकडंच निघायचे आणि अटक करून घ्यायचे, जमनालाल बजाज आत गेले तं वल्लभभाई पटेलांनी येऊन सूत्रं हातात घेतली, आणि ऑगस्टमध्ये मोर्चा त्याच रस्त्यानं झेंडा घेऊन गेला. आज तिथून आपण हायकोर्टाकडं जाताना हॉर्न मारत जातो, कोणाच्या लक्षातही नसते. तेव्हा अडवणारं सरकार परकं होतं, सोचीला मात्र आपल्याच लोकांच्या खुर्च्यांच्या भानगडीत झेंडा अडकला. पदाधिकाऱ्यांचं काय गेलं? काहीच नाही.

2022 ला बीजिंगमध्ये गुलमर्गकडचा आरिफ खान एकटा होता. आता नियम असा आहे की एक पुरुष आणि एक बाई मिळून झेंडा धरू शकतात, पण एकच खेळाडू असल्यावर दुसरी कुठून आणणार. त्यात गलवानच्या झटापटीतल्या चिनी अधिकाऱ्याला मशाल धरायला दिली म्हणून भारताचे राजनैतिक अधिकारी गेले नाहीत आणि दूरदर्शननं उद्घाटन दाखवलंच नाही. खेळाडू गेला, झेंडा गेला, आपण मोबाईलवर क्लिपा फिरवत बसलो.

पुढच्या वेळी लाइव्ह बघायचं असेल तं एक सांगतो, भारताचा नंबर पाठ करून बसू नका. ग्रीस पहिला आणि यजमान शेवटी एवढंच पक्कं, मधले बहुतेक देश यजमानाच्या भाषेप्रमाणं येतात. बीजिंगला तं चिनी अक्षरांच्या रेषा मोजून क्रम लावला होता. तेव्हा चहा आधीच भरून घ्या, कारण आपली टीम पडद्यावर काही सेकंदच असते आणि तुम्ही नेमके गॅस बंद करायला उठले की गेली.