बाबांना तक्रार करता येणार नाही, हे धरून जागा पाहा

«ताई, माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. आई ७६ वर्षांची. बाबांना उठवून-बसवून तिचीच कंबर गेली आहे. दादा परगावी असतो. त्याने दोघांसाठी एक ज्येष्ठ निवास शोधलाय. आईला स्वतंत्र खोल्या आणि त्याच आवारात बाबांसाठी नर्सिंग विभाग. बाग, वाचनालय, सगळं आहे. मी एका दुपारी जाऊन पाहिलं, छान वाटलं. पण आपण बाबांना टाकतोय असं मनात येतं. आई म्हणते, तुम्ही ठरवाल तिथे जाऊ. नक्की काय पाहून ठरवायचं?»

प्रिय मैत्रिणी,

मनातली टोचणी इतक्यात जाणार नाही, आणि ती जाईपर्यंत निर्णय लांबवू नकोस. आज खरा धोका आईच्या कंबरेला आहे. ती पडली तर दोन माणसं अंथरुणाला खिळतील आणि मग जागा निवडायला सवडच उरणार नाही; जिथे खाट रिकामी असेल तिथे जावं लागेल. तू आत्ता विचारते आहेस, म्हणजे वेळेवर विचारते आहेस.

तुला दाखवली ती बाग आणि ते वाचनालय आईच्या उपयोगाचं. निर्णय मात्र नर्सिंग विभाग बघून घे. तिथे पुन्हा जा, संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला, आणि एकदा सुट्टीच्या दिवशी. पाळी बदलण्याची, भरवण्याची घाई तेव्हाच असते आणि माणसं तेव्हाच कमी असतात. परवानगी घेऊन तासभर नुसती बसून राहा. कुणी घंटी वाजवली तर किती वेळाने कोण येतं? मदतनीस माणसाशी बोलतात, की त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी?

मग तिथल्या सगळ्यांत असहाय माणसाकडे बघ, ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडे. त्याचं पाणी त्याच्या चालत्या हाताच्या बाजूला ठेवलंय का? तुझ्या बाबांचा उजवा हात गेलाय. पेला उजवीकडे ठेवला तर पाणी समोर असून ते तहानलेले राहतील, आणि म्हातारपणी तहानेची जाणीव मुळातच मंदावते. भरवताना त्याला नीट ताठ बसवलंय का, की आधीचा घास उतरायच्या आत पुढचा चमचा तोंडाशी येतोय? पक्षाघातानंतर अनेकांची गिळण्याची क्रिया बिघडते, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बाबांचं गिळणं कोण तपासणार आणि त्याप्रमाणे भरवायला मदतनिसांना कोण शिकवणार, हे थेट विचार.

बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणाऱ्या जखमा, त्यांबद्दल विचारताना संकोच करू नकोस. स्वतः कूस बदलता न येणाऱ्या माणसाची कूस ठरावीक वेळाने बदलावी लागते, साधारण दर दोन तासांनी किंवा त्याच्या त्वचेची अवस्था बघून, आणि रात्रीसुद्धा. त्याची नोंद दाखवायला सांग. आत्ता किती जणांना जखमा आहेत आणि त्यांतल्या किती इथे आल्यावर झाल्या, हेही विचार. वजन दर महिन्याला करतात का? महिन्यात ५ टक्के वजन उतरणं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, ही डॉक्टरांनी तातडीने बघायची गोष्ट आहे.

सगळा विभाग संध्याकाळी गपगार असेल तर लगेच समाधान मानू नकोस. रात्री कुणी ओरडलं, अस्वस्थ झालं तर काय करता, असं विचार. 'झोपेची गोळी देतो' एवढंच पहिलं उत्तर आलं तर मी तरी ती जागा सोडून देईन.

रात्रपाळीला किती जण असतात, त्यांत शिकलेल्या नर्स किती, हे कार्यालयात विचार. पण 'इथे किती वर्षं आहात' हे मदतनिसांनाच विचार. माणसं सारखी बदलत असतील तर बाबांच्या खुणा प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून शिकाव्या लागतील, आणि तोवर त्यांचं कुणालाच कळणार नाही. उठायचं कधी, अंघोळ कधी, यात बाबांना काही निवड असेल का? एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका नर्सिंग होममध्ये केलेला, १९७६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला नेहमी आठवतो. ज्यांना छोट्या गोष्टी स्वतः ठरवू दिल्या, एक रोपटं सांभाळायला दिलं, ती माणसं इतरांपेक्षा जास्त तरतरीत आणि आनंदी दिसली.

करारपत्र दादाला वाचू दे. लांबून करता येण्यासारखं ते काम आहे. शुल्क कधी आणि किती वाढेल, बाबांची काळजी वाढली तर वेगळे पैसे लागतील का, ते हॉस्पिटलात असताना खाट राखून ठेवतील का, कोणत्या कारणाने जागा सोडायला सांगू शकतात, डिपॉझिट कधी परत मिळेल, आणि बाबांच्या मागे आईच्या खोल्यांचं काय, ही सगळी उत्तरं लेखी हवीत. आईला बाबांकडे कोणत्याही वेळी जाता येईल ना, हेही त्यातच लिहून घ्या. आणि तिथेही त्यांना उठवणं-बसवणं तिच्याच गळ्यात पडणार नाही, याची खात्री कर.

आता तुझ्या पत्रात नसलेली गोष्ट. बाबांना कुणी विचारलंय का? वाचा गेली म्हणजे समज गेली असं नसतं. त्यांना किती कळतं हे स्पीच थेरपिस्टकडून समजून घे. मग जागेचे फोटो दाखवून एका वेळी एकच प्रश्न विचार, ज्याला मान हलवून हो-नाही सांगता येईल. उत्तरासाठी थांब, घाई करू नकोस. ते 'नाही' म्हणाले तर कशाला नाही, हे शोध; कदाचित आईपासून वेगळं झोपायला नाही असेल. आणि आईशी एकटीशी बोल. 'तुम्ही ठरवाल तिथे' हा तिचा होकार धरू नकोस.

त्यानंतरही लगेच घर मोडू नका. महिनाभर दोघांना तिथे राहून बघू दे. पहिले काही दिवस उदास जातील, त्यावरून ठरवू नकोस. वेगवेगळ्या वेळी, न सांगता जात राहा. महिन्याच्या शेवटी मदतनिसांना विचार, बाबा एखादी खूण करतात, समजा डाव्या हाताने खाटेवर थापटतात, तेव्हा त्यांना काय हवं असतं. त्यांना ते ठाऊक असेल, बाबांचं वजन टिकलं असेल आणि पाठ-टाचांची कातडी शाबूत असेल, तर सही करा. नसेल तर दादाला दुसरी जागा शोधायला सांग.

तुझी ताई